गल्लीचे गाणे आणि त्यातला ‘मी’

इंदुरात परदेशीपुऱ्यातला एखादा मुलगा ओट्यावर बसून मोबाइलवर ठेका लावतो आणि ‘भिया’ (इंदुरी बोलीत ‘भाऊ’) म्हणत चाकू, पोलीस, उधारी असे काही गुणगुणू लागतो, तेव्हा घरातली मोठी माणसे पहिल्यांदा विचारतात, ‘हे तू केलंस का रे?’ रॅपमधल्या रस्त्याच्या चित्रणाभोवतीचा वाद मुळात याच प्रश्नाचा आहे.

१९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हे संगीत नाचगाण्याच्या मेळाव्यांतून वर आले. १९८२ मधल्या एका गाण्याने फुटक्या काचा आणि जिन्यातली दुर्गंधी थेट शब्दांत आणली, आणि वस्ती हाच रॅपचा विषय होऊ शकतो हे सर्वांना कळले.

खरा गुंता १९८८ नंतरचा. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधून आलेल्या गाण्यांना वृत्तपत्रांनी ‘गँगस्टा रॅप’, म्हणजे टोळीवाल्यांचे रॅप, म्हटले. गाणाऱ्यांचे म्हणणे असे, की हे ‘रिअ‍ॅलिटी रॅप’ आहे, आम्ही दारासमोर दिसते ते सांगतो. १९८९ मध्ये पोलिसांवरील एका गाण्याबद्दल संघीय तपास यंत्रणेतील एका अधिकाऱ्याने ध्वनिमुद्रण कंपनीला नाराजीचे पत्र धाडले. मात्र पहिले नाव रूढ झाले, आणि एकदा टोळीचा शिक्का बसल्यावर गाण्यातला ‘मी’ हा निवेदक न राहता आरोपी ठरला. अमेरिकेतील खटल्यांत गीतांच्या ओळी पुरावा म्हणून वाचल्या जाऊ लागल्या. आपल्या लावणीत पुरुष शाहीर बाईच्या तोंडून विरह सांगतो, आणि तो त्याचा कबुलीजबाब आहे असे आजवर कोणी मानलेले नाही. ही साधी समज रॅपच्या वाट्याला इतक्या उशिरा यावी, हे मला अन्यायाचे वाटते. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून अशा ओळी पुराव्यात घेण्यापूर्वी त्यांमुळे पूर्वग्रह निर्माण होतो का, हे तपासणे न्यायालयांवर बंधनकारक केले. तरी २०२३ च्या नोव्हेंबरात अटलांटातील एका गाजलेल्या खटल्यात न्यायाधीशांनी काही ओळी सशर्त स्वीकारल्याच.

भारतात मुंबईतून २०१५ च्या आसपास आणि पुढे २०१९ मधल्या एका हिंदी चित्रपटामुळे ‘गली’ हा शब्द या गाण्यांना चिकटला. मराठीत गल्ली म्हणजे शेजार, क्रिकेट, गणपतीची वर्गणी. आणि ‘रस्त्यावर येणे’ म्हणजे होते नव्हते ते गमावणे. इंदूरच्या गिरणी वस्त्यांना हा दुसरा अर्थ चांगला ठाऊक आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, आणि तिच्या कामगारांची थकबाकी चुकती होण्याची वेळ थेट २०२३ च्या डिसेंबरात आली. ओट्यावरच्या त्या मुलाच्या ओळीत उधारी येते ती याच घरांतून, आणि ती गाण्यासाठी त्याने कोणताही गुन्हा केलेला असण्याची गरज नाही.