सातारा-सांगलीतील सहकारी साखर कारखान्यांवरील राजकीय नियंत्रण

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील सहकारी साखर कारखाने कायद्याने ऊसउत्पादक सभासदांचे आहेत. त्यांचे भांडवल मोठ्या प्रमाणात शासनाच्या आणि बँकांच्या पैशातून उभे राहिले, आणि व्यवहारात त्यांच्यावर चेअरमनच्या घराण्याची किंवा गटाची हुकमत चालते. मालक एक, पैसा दुसऱ्याचा आणि शब्द तिसऱ्याचा, अशा या व्यवस्थेतून घडलेली सत्तारचना व तिच्या आडून होणारे गैरव्यवहार हा या नोंदीचा विषय आहे. सरकारी महामंडळांशी या कारखान्यांचे पुष्कळ साम्य असले तरी एक फरक मोठा आहे. महामंडळाचा अध्यक्ष मंत्रालयातून नेमला जातो, कारखान्याचा चेअरमन निवडून येतो. त्यामुळे इथे आधी मतदार हाती ठेवावा लागतो. तिजोरीचा प्रश्न त्यानंतर येतो.

पूर्वपीठिका

जुन्या सातारा जिल्ह्याची १९४९ मध्ये उत्तर आणि दक्षिण अशी विभागणी झाली व दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. कृष्णा, कोयना, वारणा या नद्यांच्या काठची जमीन, उपसा जलसिंचन योजना आणि प्रवरानगरच्या कारखान्याने १९५० मध्ये घालून दिलेला धडा, यांतून १९५० च्या दशकात इथे कारखानदारी सुरू झाली. वसंतदादा पाटील यांनी सांगलीत उभा केलेला शेतकरी सहकारी साखर कारखाना आणि कराड तालुक्यात रेठरे बुद्रुक येथे निघालेला कृष्णा कारखाना हे या पर्वाचे आरंभीचे टप्पे. पुढे साखराळे, यशवंतनगर, भुईंज, शेंद्रे, मरळी, वाळवा, कुंडल, वांगी, चिखली असा पट्टाच तयार झाला.

या पट्ट्याला प्रतिसरकारचा वारसा होता. किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, वसंतदादा ही माणसे १९४२ च्या लढ्यातून आलेली होती. त्यांतल्या अनेकांची नावे आज कारखान्यांच्या कमानींवर आहेत. लोकांनी शेअरचे पैसे दिले ते बरेचसे या माणसांकडे पाहून. पुढच्या पिढ्यांना कारखान्याच्या इमारतीबरोबर ही पुण्याईही वारशाने मिळाली, आणि हिशेब विचारणाऱ्याला गप्प करण्यासाठी तिचा वापर भरपूर झाला.

उभारणीचा आर्थिक साचा साधारण असा होता: एकूण खर्चाच्या १० टक्के सभासदांचे भाग, ३० टक्के शासकीय भागभांडवल आणि उरलेले ६० टक्के वित्तीय संस्थांचे कर्ज, तेही बहुधा शासनाच्या थकहमीवर, म्हणजे कर्ज थकले तर शासन फेडेल या हमीवर. म्हणजे दहा टक्के घालणाऱ्याच्या हाती संचालक मंडळ आणि नव्वद टक्के जोखीम इतरांची. हा साचा मुद्दाम शेतकऱ्याच्या बाजूने झुकवलेला होता आणि त्या काळी ते योग्यच होते. कर्ज बुडाले तर चेअरमनच्या खिशातून काही जात नाही, ही त्याची दुसरी बाजू दोन-तीन दशकांनी दिसू लागली.

शासनाच्या हातातील दोऱ्या

नवा कारखाना काढायचा तर दोन कारखान्यांमधील हवाई अंतराची अट पाळावी लागते. महाराष्ट्रात हे अंतर २५ किलोमीटर आहे. दर हंगामाआधी पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. कर्जाला थकहमी मंत्रिमंडळ देते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खालची चौकशी, कलम ८८ खालची नुकसानीची जबाबदारी निश्चिती आणि संचालक मंडळाची बरखास्ती हे अधिकार सहकार खात्याकडे असतात. त्या आदेशांवरील अपील किंवा पुनरीक्षण बऱ्याच वेळा थेट मंत्र्यांसमोर चालते. चौकशीला स्थगिती मिळणे किंवा ती उठणे हे सरकार बदलण्याशी कसे जुळते, हे दोन्ही जिल्ह्यांतला सामान्य सभासदही सांगू शकतो.

सह्याद्री कारखान्याचे नेतृत्व करणारे बाळासाहेब पाटील २०२० ते २०२२ या काळात राज्याचे सहकारमंत्री होते. यात कायद्याने काही गैर नव्हते आणि अशी नेमणूक पहिलीही नव्हती. पण ज्या खात्याने कारखान्यांवर लक्ष ठेवायचे त्याचा प्रमुख स्वतः कारखानदार असणे इथे कोणाला खटकतही नाही, यावरून व्यवस्था किती मुरली आहे ते कळते. २०२४ मध्ये राष्ट्रीय सहकारी विकास निगमाच्या कर्जासाठी राज्याने थकहमी दिलेल्या कारखान्यांत सत्तारूढ आघाडीच्या नेत्यांचे कारखाने ठळकपणे होते, आणि त्यावरून वाद झाला.

तोड: नियंत्रणाचे खरे हत्यार

सभासदावरची पकड कागदावर कुठेच दिसत नाही. ती उसाच्या तोडीत असते. आडसाली लागणीचा ऊस पंधरा-सोळा महिने रानात उभा असतो. तो वेळेवर तुटला तर वजन भरते. उशीर झाला की तुरा येतो, पोकळी पडते, वजन घटते आणि खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारे पीक) किंवा पुढचे पीक लांबते. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेप्रमाणे ठरावा असा नियम आहे. प्रत्यक्षात गट कार्यालय, शेती अधिकारी, तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय आणि ऊसतोड मजुरांच्या टोळीचा मुकादम अशी साखळी असते आणि तिच्या प्रत्येक कडीला चेअरमनच्या माणसाचा फोन पोहोचतो. विरोधी पॅनेलच्या सभेत दिसलेल्या शेतकऱ्याचा ऊस मार्चच्या उन्हापर्यंत उभा राहिला, अशी तक्रार जवळपास प्रत्येक कारखान्याच्या परिसरात ऐकू येते. ती सिद्ध करणे मात्र अवघड, कारण टोळ्या कमी आहेत हे उत्तर नेहमी तयार असते आणि अनेकदा खरेही असते.

याच टंचाईतून खालच्या पातळीवरची वसुली निघाली. टोळीला द्यायची ‘खुशाली’ आणि वाहन शिवारात आले की ड्रायव्हरची ‘एन्ट्री’ हे शब्द कोणत्याही कायद्यात नाहीत, पण शेतकऱ्याच्या हिशेबात असतात.

सभासदत्व हे दुसरे साधन. मयत सभासदाच्या वारसाची नोंद कधी करायची, कोणाला ‘अक्रियाशील’ ठरवायचे, नव्या शेअरचे अर्ज कोणाचे घ्यायचे, हे संचालक मंडळ ठरवते. त्यावरच पुढची मतदारयादी बनते. सवलतीच्या साखरेचे कार्ड आणि कारखान्यातली नोकरी यांचा विचार याच्याबरोबर केला म्हणजे पाच वर्षांनी होणाऱ्या मतदानाचे गणित उलगडते.

१९९७ मध्ये राज्यातील झोनबंदी उठली आणि शेतकऱ्याला आपला ऊस दुसऱ्या कारखान्याला घालता येऊ लागला. तोडीच्या जोरावर चालणारी दमदाटी त्यामुळे काहीशी सैल झाली. वाळवा, पलूस भागात जिथे चार-पाच कारखाने एकमेकांच्या शिवारात टोळ्या पाठवतात, तिथे ती बरीच सैल झाली आहे. एकाच कारखान्यावर अवलंबून असलेल्या डोंगरी भागात तितकी नाही.

निवडणुका

कारखान्याची निवडणूक विधानसभेपेक्षा चुरशीची होते, असे इथे म्हणतात. रेठऱ्याचा कृष्णा कारखाना हे त्याचे ठळक उदाहरण. यशवंतराव मोहिते आणि जयवंतराव भोसले या सख्ख्या भावांमधील संघर्ष ‘भाऊ विरुद्ध आप्पा’ म्हणून ओळखला गेला आणि पुढील पिढीत तो सहकार, रयत व संस्थापक अशा तीन पॅनेलांत विभागला. कराड, वाळवा, कडेगाव, पलूस या तालुक्यांत पसरलेले ४० हजारांहून अधिक सभासद यात मतदान करतात. २०१० मध्ये संस्थापक पॅनेलने सत्ता घेतली, २०१५ मध्ये सहकार पॅनेलने ती परत मिळवली आणि २०२१ मध्ये सर्व २१ जागा जिंकल्या. इथे पक्षाचे चिन्ह दुय्यम असते. एकाच पक्षातले दोन गट समोरासमोर येतात आणि राज्यात एकमेकांवर तुटून पडणारे नेते एका पॅनेलला आतून रसद पुरवतात.

भुईंजच्या किसन वीर कारखान्यात २०२२ मध्ये मकरंद पाटील यांच्या पॅनेलने मदन भोसले यांची जवळपास दोन दशकांची सत्ता उलथवली. प्रचाराचा मुद्दा होता कर्जाचा डोंगर आणि थकलेली ऊसबिले. उलट अनुभव यशवंतनगरचा. बाळासाहेब पाटील नोव्हेंबर २०२४ मध्ये कराड उत्तरची विधानसभा हरले, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्याच पॅनेलने सह्याद्री कारखाना पूर्ण बहुमताने राखला. आमदारकी एकाला आणि कारखाना दुसऱ्याला, असा विचार सभासद करू शकतो, हे राजकीय पक्षांना अजून नीट पचलेले नाही.

गैरव्यवहाराचे प्रकार

सर्वांत जुनी तक्रार काटामारीची, म्हणजे वजनात घट दाखवण्याची. तपासणीसाठी महसूल, पोलीस आणि वैधमापन विभागाची भरारी पथके नेमली जातात, पण ती येणार याची कुणकुण आधी लागते असे शेतकरी संघटना सांगतात.

रिकव्हरीची, म्हणजे साखर उताऱ्याची चोरी अधिक सूक्ष्म आहे आणि तिच्यातला पैसाही मोठा. उसाची रास्त व किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, साखर उताऱ्यावर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीवर ठरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे असा दर आहे. सांगली-साताऱ्याचा उतारा चांगला असल्याने ही वाढ इथे महत्त्वाची ठरते. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याने उतारा अवघा ०.१ टक्क्याने कमी दाखवला तरी शेतकऱ्यांचे सुमारे ३ कोटी ४६ लाख रुपये जातात. उतारा मोजणारी प्रयोगशाळा कारखान्याचीच असते. इथेनॉलकडे वळवलेल्या उसामुळे हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. शिवाय एफआरपीतून तोडणी-वाहतुकीचा खर्च कापला जातो, आणि तो खर्च किती दाखवायचा हेही कारखान्याच्याच हाती.

यंत्रसामग्रीची खरेदी, साखर आणि मळीची विक्री, विस्तारवाढीची कामे यांत ठरावीक पुरवठादार आणि व्यापारी असणे, तोडणी-वाहतूकदारांच्या नावावर कर्ज उचलणे, ऊसबिलातून टनामागे बिनपरतीच्या ठेवी कापून त्यांवर शिक्षणसंस्था उभारणे, हे इतर परिचित प्रकार. शेवटचा प्रकार सरसकट भ्रष्टाचार म्हणता येत नाही. त्या संस्थांत शेतकऱ्यांची मुले शिकली. मात्र पैसा सभासदांचा असताना विश्वस्त मंडळ एका कुटुंबाचे कसे झाले, हा प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेत क्वचितच पूर्ण विचारू दिला जातो. ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात विषयपत्रिका संपते.

विक्री आणि भाडेपट्टे

कर्ज थकले की कारखाना बँकेच्या ताब्यात जातो आणि मग नियंत्रणाचा निराळा अध्याय सुरू होतो. कोरेगाव तालुक्यातील चिमणगावचा जरंडेश्वर कारखाना शालिनीताई पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिला. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने थकबाकीपोटी २०१० मध्ये त्याचा लिलाव केला आणि गुरू कमोडिटी सर्व्हिसेस या कंपनीने तो ६५ कोटी ७५ लाख रुपयांना घेतला. चालवण्यास तो जरंडेश्वर शुगर मिल्सकडे गेला. पुढील वर्षी रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनंतर राज्य बँकेचे संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले. १ जुलै २०२१ रोजी सक्तवसुली संचालनालयाने कारखान्याची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. खरेदीतील पैसा अजित पवार यांच्या कुटुंबाशी संबंधित कंपनीमार्फत आला आणि विक्रीनंतर या कारखान्यावर सुमारे ७०० कोटींची कर्जे उचलली गेली, असा दावा या यंत्रणेने केला. पवार यांनी आरोप फेटाळले. २०२३ च्या आरोपपत्रात पवार दांपत्याची नावे आरोपी म्हणून नव्हती. राज्य बँकेतील कर्जवाटप व कारखानाविक्रीतील कथित गैरव्यवहाराच्या मूळ प्रकरणात मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला.

सांगलीत वसंतदादांचा कारखाना कर्जामुळे २०१७ मध्ये खाजगी कंपनीला भाड्याने गेला. जतचा आणि कारंदवाडीचा कारखाना आज साखराळ्याच्या राजारामबापू पाटील कारखान्याची युनिटे म्हणून चालतात. भाडेपट्ट्यात यंत्रे चालू राहतात, ऊसबिले निघतात. मूळ सभासदाचा शेअर मात्र कागदावरच उरतो.

विरोध आणि अपवाद

वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर कारखाना दीर्घकाळ वेगळा गणला गेला. नागनाथअण्णांनी प्रशासकीय खर्च आवळून उसाला चढा दर दिला आणि शेजारच्या कारखान्यांना तो दर गाठावा लागला. दराच्या आंदोलनांचा रेटाही मोठा होता. स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या नोव्हेंबर २०१२ च्या आंदोलनात वसगडे येथे पोलीस गोळीबारात एक शेतकरी मरण पावला. ऊस कारखान्याला पोहोचल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी द्यावी हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम. ती तुकड्यांनी देण्याची मुभा राज्य सरकारने २०२२ मध्ये दिली होती. स्वाभिमानीचे नेते राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय मार्च २०२५ मध्ये रद्द केला.

सहकारी संस्थांविषयीच्या ९७ व्या घटनादुरुस्तीने संचालकांची कमाल संख्या २१ वर आणली आणि निवडणुका स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या दुरुस्तीतील राज्यांच्या सहकारी संस्थांविषयीचा भाग अवैध ठरवला, तरी राज्याच्या कायद्यातील बहुतेक तरतुदी टिकून आहेत. दरम्यान अनेक नेत्यांचे स्वतःचे खाजगी कारखाने सहकारी कारखान्यांच्या शेजारी उभे राहिले. खाजगी कारखान्याला मतदारयादी नसते, सभासदांची वार्षिक सभा नसते आणि कलम ८३ ची चौकशीही लागू होत नाही. साखर आयुक्तांचा अधिकार तिथे गाळप परवाना आणि एफआरपीच्या वसुलीपुरता राहतो.