डोळ्यांच्या दवाखान्यातली स्वच्छता: कोरोनाच्या आधी आणि नंतर

डोळे तपासायच्या स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शक यंत्रावर हनुवटी टेकवली की रुग्ण आणि डॉक्टर यांच्या चेहऱ्यांत जेमतेम वीत-दीड वीत अंतर उरते. वुहानचे नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी सहकाऱ्यांना नव्या आजाराबद्दल सावध केले. पुढे काचबिंदूच्या एका रुग्णाकडून त्यांनाच लागण झाल्याचे सांगितले गेले. त्या रुग्णाला लक्षणे नव्हती. ७ फेब्रुवारी २०२० रोजी ली यांचे निधन झाले.

नेत्रतज्ज्ञ स्वच्छतेबाबत पूर्वीपासून कडक आहेत, पण ऑपरेशन थिएटरपुरते. मोतीबिंदूच्या शिबिरांत जंतुसंसर्गाने दृष्टी गेल्याच्या घटनांनी हा धडा दिला. १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील शिबिरानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तंबूतली शिबिरे मागे पडली, शस्त्रक्रियेआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाचे थेंब घालण्याची पद्धत रुळली. ओपीडीत मात्र ढिलाई राहिली. डोळ्याची बाहुली मोठी करायच्या थेंबांची एकच बाटली बाकावरच्या सगळ्यांना फिरायची, तिचे टोक पापण्यांना लागायचे.

याच ओपीडीतून डोळ्यांच्या साथी पसरल्याची उदाहरणे जुनी आहेत. डोळे येण्यास कारण ठरणाऱ्या ॲडिनोव्हायरस या विषाणूची साथ डॉक्टरांच्या बोटांवरून आणि डोळ्याचा दाब मोजायच्या टोनोमीटरच्या टोकावरून पसरल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात वारंवार सापडतात. टोनोमीटरचे टोक तर थेट बुबुळाला टेकते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडून नाशिकला मोतीबिंदूसाठी येणाऱ्यांची वाटच बंद झाली. पुढे दवाखाने उघडले ते नव्या नियमांनी. अखिल भारतीय नेत्रतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शनानंतर स्लिट लॅम्पवर प्लास्टिकचे पारदर्शक पडदे आले, तपासताना कमीत कमी बोलायचे ठरले, हवेचा झोत मारून दाब मोजणारे यंत्र शक्यतो टाळले जाऊ लागले, कारण त्या झोताने अश्रूंचे तुषार उडतात. २०२१ च्या लाटेत म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार आला, तेव्हा रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढण्याची वेळ याच डॉक्टरांवर आली.

लाट ओसरली तसे मास्क उतरले. ते समजण्यासारखे आहे. मला काळजी वाटते ती सॅनिटायझरवरच्या भरवशाची. कोरोना विषाणूला मेदाचे आवरण असते, अल्कोहोलने ते फुटते. ॲडिनोव्हायरसला ते आवरणच नाही. तो अल्कोहोलला सहज दाद देत नाही, कोरड्या पृष्ठभागावर आठवडे टिकतो. त्याच्यासाठी साबण-पाण्याने नीट हात धुणे आणि टोनोमीटरचे टोक हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) द्रावणात ठेवून धुणे किंवा एकदाच वापरायचे टोक घेणे हेच खरे उपाय. नुसता स्पिरिटचा बोळा पुरत नाही.

जुलै २०२३ मध्ये आळंदीच्या शाळांतून सुरू झालेली डोळ्यांची साथ राज्यभर गेली, तेव्हा हे पुन्हा दिसले. लाल डोळ्यांचा रुग्ण मोतीबिंदूच्या आजींशेजारीच बसला, तर डॉक्टरच्या मास्कचा उपयोग काय? त्याला दारातच ओळखून वेगळे बसवावे, शेवटी तपासावे, थेंबांची बाटली स्वतंत्र ठेवावी. यातले काहीच महाग नाही.

नाशिकसाठी हा प्रश्न लवकरच मोठा होणार आहे. २०२७ च्या सिंहस्थातील अमृतस्नाने पावसाळ्यात आहेत आणि डोळे येण्याचा हंगामही तोच. तेव्हा लाल डोळ्यांच्या रुग्णांसाठी वेगळा बाक कुठे ठेवायचा, हे शहरातल्या प्रत्येक नेत्रालयाने आजच ठरवून ठेवायला हवे.