दुसऱ्या विक्रीतला वाटा : चित्रविक्रेत्याच्या व्यवसायामागचा इतिहास

मुंबईत समकालीन चित्रे विकणारा व्यावसायिक घडला तो फ्रेमच्या दुकानात. चाळीसच्या दशकात तरुण चित्रकार चौकट करून घ्यायला यायचे आणि दुकानदार त्यांची चित्रे काचेआड लावायचा. घेणाऱ्यांत नाझींपासून जीव वाचवून आलेले मोजके युरोपीय होते. १९५२ मध्ये काळा घोड्याला भाड्याचे दालन झाले. तिथे चित्रकार आठवडाभर भिंत घेऊन स्वतःच विकू शकत होता. त्यामुळे १९६३ मध्ये त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर खासगी गॅलरी निघाली, तेव्हा विक्रेत्याने द्यायचे होते ते भिंतीपेक्षा वेगळे : पदरची गुंतवणूक, गिऱ्हाइकाचा विश्वास आणि वर्षानुवर्षे एकाच चित्रकाराच्या मागे उभे राहणे. बदल्यात कुठे किमतीचा तिसरा हिस्सा, कुठे निम्मा. हा सौदा मला रास्त वाटतो.

वाद आहे तो पुढच्या सौद्याचा. विक्रेत्याचे नाव पहिल्या विक्रीतून होते, पण मोठा पैसा चित्र दुसऱ्यांदा हात बदलते तेव्हा दिसतो. ही गोष्ट ओळखून १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आले आणि मे १९९५ पासून लागू झाले. पुनर्विक्रीची किंमत दहा हजार रुपयांच्या वर गेली, की चित्रकाराला किंवा वारसांना वाटा. फ्रान्सने असा हक्क १९२० मध्येच दिला होता.

वर्तमानपत्रे याला रॉयल्टी म्हणतात, आणि तिथेच गोंधळ होतो. रॉयल्टी सहसा प्रतींवर किंवा वापरावर मिळते. इथे तेच एक चित्र पुन्हा विकले जाते. कायद्याचा शब्दही अडचणीचा आहे : ‘मूळ प्रत’. चित्र, शिल्प, रेखाटन आणि हस्तलिखित एवढेच त्यात बसते. छायाचित्र किंवा मांडणशिल्प (जागेत वस्तू मांडून केलेली कलाकृती) करणाऱ्याचे कलमात नावच नाही, आणि आजच्या गॅलऱ्यांत हीच कामे ठळकपणे दिसतात.

त्याहून मोठी चूक दराची. युरोपीय संघाने टक्केवारी कायद्यातच लिहिली : ५० हजार युरोपर्यंत साधारण ४ टक्के, पुढे उतरती, आणि एका विक्रीमागे जास्तीत जास्त १२,५०० युरो. आपल्याकडे फक्त कमाल मर्यादा आहे, १० टक्के. नेमका वाटा कॉपीराइट मंडळाने ठरवायचा होता. मंडळाचे काम २०१७ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे आणि २०२१ मध्ये तेही बरखास्त होऊन न्यायालयांकडे गेले. वाटा आपोआप गोळा होऊन चित्रकाराच्या हाती पडेल अशी व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. अशा वाट्याने ग्राहक परदेशी जातील, असे विक्रेते जगभर म्हणत आले आहेत. ते खोटे नाही, पण इथे वाटा दिला जात नसतानाही अनेक मोठे लिलाव परदेशी झाले.

२००२ मध्ये एका मुंबईकर चित्रकाराचे तीन फलकांचे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात तीन लाख डॉलरच्या वर गेले. २००५ मध्ये तिथेच त्याच्या महिषासुराच्या चित्राला १५ लाख डॉलरहून अधिक आले. चित्रकार हयात होता. हातोडा पडला त्या शहरात असा हक्कच नव्हता. पुढे २००८ च्या मंदीत भाव कोसळले, नंतर सावरले. २०१३ पासून काही वर्षे परदेशी लिलावगृहाने मुंबईतही लिलाव भरवून पाहिले.

तो चित्रकार २००९ मध्ये गेला. भारतात होणाऱ्या पुनर्विक्रीत त्याच्या वारसांचा हक्क २०६९ च्या अखेरपर्यंत शाबूत आहे.