चालवणाऱ्याला गाडी का लागत नाही?

नागमोडी रस्त्यावर मागच्या सीटवरचा माणूस पांढराफटक पडून पिशवी शोधत असतो आणि स्टिअरिंग धरलेला शीळ घालत असतो. वळणं तीच, हिसके तेच. जागांची अदलाबदल करा, बहुतेक वेळा मळमळही जागा बदलते.

१९९१ साली रोलनिक आणि ल्युबो या संशोधकांनी हे कोडं प्रयोगशाळेत नेलं. फिरत्या यंत्रात माणसं जोडीने बसवली. फिरणं दोघांनाही सारखंच, पण ताबा एकाच्याच हातात. ज्यांच्या हाती ताबा होता त्यांना मळमळ कमी झाली.

याचं कारण समजून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. एक डोळा मिटा. उघड्या डोळ्याच्या कडेला, पापणीवरून, बोटाने अगदी हलकेच दाबा. समोरचं दृश्य हललं ना? एरवी दिवसभर डोळा इकडेतिकडे भिरभिरत असतो, तरी जग आपल्या जागी स्थिर दिसतं. मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो तेव्हा त्याची एक नक्कल स्वतःकडे ठेवतो, त्यावरून पुढे काय जाणवणार याचा अंदाज बांधतो आणि आलेल्या संवेदनेशी तो ताडून पाहतो. अंदाज जुळला तर सारं स्थिर. बोटाने ढकललेल्या डोळ्याला मात्र हुकूम गेलेलाच नसतो, म्हणून जग हलतं. फोन होल्स्ट आणि मिटेलश्टेट या जर्मन शास्त्रज्ञांनी १९५० मध्ये हे तत्त्व मांडलं.

मागच्या सीटवरचा प्रवासी म्हणजे बोटाने ढकललेला डोळा. (आणि शेजारच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबणारे आपले आप्त म्हणजे हुकूम सोडूनही काहीच न घडलेला मेंदू!)

मला वाटतं, गाडी चालवण्यातली मजा इथेच आहे. वेगात ती असती तर विमानात बसून आपण आनंदाने किंचाळलो असतो. वळण दिसतं, हात किती फिरवायचा याचा अंदाज येतो, गाडी बरोब्बर तेवढीच वळते आणि सीटखालून ते अंगाला कळतं. अंदाज आणि पडताळा यांचा हा खेळ सेकंदागणिक चालतो. सराव झाला की गाडीची कडा जणू आपल्याच कातडीची होते आणि अरुंद फटीतून ती काढताना आपण नकळत खांदे आवळतो.

सूत्रं आपल्या हाती असणं मेंदूला किती लागतं, हे १९६३ मध्ये रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजरीच्या पिल्लांवर पाहिलं. गोल फिरणाऱ्या आडव्या दांड्याच्या एका टोकाला स्वतःच्या पायांनी चालणारं पिल्लू, दुसऱ्या टोकाला टोपलीत बसलेलं. एरवी दोघंही अंधारात वाढलेली, त्यामुळे दोघांनी पाहिलेलं जग जवळजवळ सारखंच. पण टोपलीतल्या पिल्लाला अंगावर येणाऱ्या वस्तूसमोर डोळे मिटायचं सुचेना, की समोर पृष्ठभाग आल्यावर पंजे पुढे करता येईनात. मोकळं फिरू दिल्यावर ती सुधारली, हा त्यातला दिलासा.

दुचाकीवर हे नातं आणखी घट्ट. चार चाकांची गाडी चालक नसला तरी निदान उभी राहते. दुचाकी वेगात असताना डावीकडे वळायची तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे न्यावं लागतं, म्हणजे ती डावीकडे कलते. वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांनाही आपण असं करतो हे सांगता येत नाही, ही गंमत विमान बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरने सायकलस्वारांना विचारून विचारून टिपली होती. हाताला माहीत, तोंडाला नाही. यामाहाने ‘मोटोबॉट’ नावाचा माणसासारखा यंत्रमानव मोटरसायकलवर बसवला आणि २०१७ मध्ये त्याची वेळ मोटरसायकल शर्यतींचा जगज्जेता व्हॅलेंटिनो रॉसी याच्या वेळेशी लावून पाहिली. त्याच ट्रॅकवर रॉसीची फेरी ८५.७४ सेकंदांची, यंत्राची सुमारे ११७.५.

म्हणून स्वयंचलित गाड्यांना नावं ठेवायची का? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ मध्ये जगभरात ११.९ लाख माणसं रस्त्यांवर मेली. कंटाळवाण्या सरळ रस्त्यावर, अर्धवट झोपेत, संगणक माझ्यापेक्षा बरा चालवणार असेल तर मी आनंदाने मागे बसेन. गाडी तेवढी लागेल.

माझी तक्रार आहे ती अर्धवट व्यवस्थेबद्दल. गाड्यांच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानल्या जातात. दुसऱ्या पायरीवर स्टिअरिंग, वेग आणि ब्रेक गाडी सांभाळते, पण नजर रस्त्यावर तुम्हीच ठेवायची आणि तिचं चुकलं की क्षणात ताबा घ्यायचा. म्हणजे चालकाचा झाला राखणदार! आणि राखण हे काम माणसाला जमत नाही. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये लोकांना घड्याळासारख्या फिरत्या काट्याकडे बघत बसवलं. मधूनच तो दुप्पट उडी मारी, ती टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटू लागल्या. या पायरीवर मजा तर जाते, आणि विश्रांतीही मिळत नाही.

अमेरिकेतल्या रिचमंड विद्यापीठात केली लॅम्बर्ट यांच्या गटाने उंदरांना चक्क गाडी शिकवली. खाण्याच्या प्लॅस्टिकच्या डब्याची गाडी, आत तांब्याच्या तीन पट्ट्या. डावी, मधली किंवा उजवी धरली की गाडी त्या बाजूला जाते. स्वतः चालवणाऱ्या उंदरांच्या संप्रेरकांत तणाव पेलण्याच्या खुणा दिसल्या. दूरनियंत्रणाने फिरवलेल्या प्रवासी उंदरांत त्या कमी होत्या. पुढे तीन उंदरांना निवड दिली: खाऊपर्यंत सरळ चालत जायचं, की उलट्या दिशेला ठेवलेल्या गाडीकडे जाऊन ती चालवत यायचं. तिघांपैकी दोघांनी खाऊकडे पाठ फिरवली आणि गाडीकडे धाव घेतली.