फॉर्मला मराठी ४५० का कळत नाही?

परवा आई मोबाइलवर एक फॉर्म भरत होती. रकमेच्या चौकटीत तिने मराठी कीबोर्डवरून ४५० लिहिलं आणि खाली लाल अक्षरं उमटली : ‘कृपया फक्त अंक लिहा.’ ‘‘अंकच तर लिहिलेत!’’ ती म्हणाली. तिचं बरोबर होतं.

कॉम्प्युटरला इंग्रजी आकडेच कळतात, असं आपण धरून चालतो. खरं तर त्याला कुठलेच आकडे कळत नाहीत. चौकटीत लिहिलेलं त्याच्याकडे फक्त चिन्हं म्हणून पोचतं आणि युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांच्या सामायिक तक्त्यात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा ४८, नवाचा ५७. मराठी शून्याचा २४०६, नवाचा २४१५. दहाही अंक ओळीने बसवलेत, आणि सगळी गंमत त्या ओळीत आहे. आपल्या चाराचा क्रमांक २४१०. त्यातून शून्याचे २४०६ वजा करा, उरले ४. पुढचा अंक आला की हातातल्या संख्येला दहाने गुणायचं आणि तो मिळवायचा : ४, मग ४०+५=४५, मग ४५०+०=४५०. इंग्रजी आकड्यांनाही हीच रीत, फक्त वजा ४८.

मग अडतं कुठे? फॉर्म ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलाय तिथे. चिन्हांची संख्या करणारी तयार फंक्शनं अशा भाषांत असतात. पायथॉन या भाषेचं ‘इंट’ मराठी ४५० बिनतक्रार वाचतं. वेबपानांवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ मात्र ‘नॅन’ देतं, म्हणजे ‘ही संख्या नाही’. तेच ‘नंबर’ रिकाम्या चौकटीला शून्य मानतं!

पण लाल अक्षरं परवडली, निदान चूक दिसते तरी. इंग्रजी आकड्यांत स्वल्पविरामांसह एक लाख लिहा आणि जावास्क्रिप्टच्याच ‘पार्सइंट’ या दुसऱ्या फंक्शनला द्या. ते पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबतं आणि उत्तर देतं १. लाखाचा रुपया झाला आणि कुणाला पत्ता नाही.

म्हणून फॉर्म लिहिणाऱ्याने आधी मराठी अंकांची ती वजाबाकी करावी, स्वल्पविराम काढावेत, उरलेलं सगळं अंकच आहे ना ते पाहावं आणि मगच संख्या करावी. मोबाइल नंबर आणि पिनची तर संख्या करूच नये. ०४२७ हा पिन ४२७ होऊन बसतो. आणि हीच तपासणी सर्व्हरवर, म्हणजे फॉर्म जिथे जाऊन पोचतो त्या कॉम्प्युटरवर पुन्हा हवी, कारण भरणाऱ्याच्या ब्राउझरमधली तपासणी कुणालाही बंद करता येते.