व्हेल शार्कचा आहार आणि खाण्याच्या पद्धती

व्हेल शार्क (रिंकोडॉन टायपस) हा जगातला सगळ्यात मोठा मासा, मुशी-मोरीच्याच गोतातला. जबड्यात दात तीनेक हजार, पण इतके बारीक की खाताना त्यांचा काही उपयोग नाही, सगळं काम गाळण्याचं. प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव), खेकड्यांची पिल्लं, माशांची अंडी, तारलीसारखे छोटे मासे असं जे मिळेल ते पाण्यासकट तोंडात घ्यायचं आणि पाणी कल्ल्यांवाटे सोडून द्यायचं.

हे गाळणं नेमकं कसं होतं ते बघण्यासारखं आहे. घशात गाळणीच्या एकूण २० गाद्या असतात आणि त्यांची भोकं साधारण १.२ मिमीची, पण हा मासा त्याहून बारीक अंडीसुद्धा आरामात गिळतो, म्हणजे साध्या चाळणीचा हिशोब इथे बसत नाही. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरच्या अभ्यासातून, २०१० मध्ये, असं मांडलं गेलं की पाणी गाद्यांना घासून आडवं वाहतं, कण अडकून न राहता मागे घशाकडे सरकत जातात आणि तिथे त्यांचा गोळा होतो. आतापर्यंत हेच स्पष्टीकरण जास्त पटणारं वाटतं. गाद्या तुंबल्या तर मासा खोकल्यासारखा झटका देऊन त्या साफ करतो. सव्वासहा मीटरचा मासा पृष्ठभागावर खाताना तासाला सुमारे ६०० घनमीटर पाणी गाळतो असा अंदाज त्याच अभ्यासात आहे. खाद्य एका जागी दाट असेल तर तो पाण्यात चक्क उभा राहून ते ओढून घेतो.

जिथे खाद्य तिथे हा हजर. ऑस्ट्रेलियाच्या निंगालूला मार्च ते जुलै, मध्य अमेरिकेतल्या बेलीझला स्नॅपर मासे अंडी सोडतात तेव्हा, हिंदी महासागरातल्या ख्रिसमस आयलंडला तांबड्या खेकड्यांची पिल्लं समुद्रात उतरतात तेव्हा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालाही येतो, २००१ पासून भारतात त्याच्या शिकारीवर बंदी आहे.

निंगालूच्याच २०२२ च्या अभ्यासात त्याच्या शरीरात सरगॅसम शेवाळातली द्रव्यं सापडली, तेव्हापासून त्याला सर्वभक्षी म्हणावं असं काहींचं मत आहे. शेवाळ पचतं हे मान्य करायला हरकत नाही, पण मुद्दाम खात असेल असं म्हणणं घाईचं होईल, कारण विष्ठेत मुख्यतः क्रिलच मिळालं आणि शेवाळाला चिकटलेले जीव खाताना तेही पोटात जात असणार.

फिलिपाइन्सच्या ओसलोबला पर्यटकांसाठी त्याला जवळ्यासारखी बारीक कोळंबी होडीतून टाकतात. तिथे काही मासे महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतात, होड्यांजवळ येऊन अंगावर जखमा करून घेतात, त्यामुळे हा प्रकार थांबायलाच हवा.