पेटीवरचा लाल दिवा

रामटेकच्या पुढे, पेंचच्या जंगलाकडे जाताना एका ग्रामपंचायतीत मागच्या पावसाळ्यात थांबलो होतो. भिंतीवर इंटरनेटची पांढरी पेटी, तिच्यात शिरलेली बारीक पिवळी वायर आणि पेटीवर लुकलुकणारा लाल दिवा. सातबाऱ्यासाठी आलेले एक काका बाकावर बसून होते. संगणकावरचा मुलगा त्यांना सांगत होता, "लाल लागला का समजायचं, तिकडून उजेडच येऊन नाही राहिला."

त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पिवळ्या वेष्टणातली काच जवळपास केसाएवढी बारीक असते, आणि तिच्या ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी. गाभ्याभोवतीची काच किंचित वेगळ्या घडणीची असल्यामुळे प्रकाश बाहेर न पडता आतच राहतो आणि सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर वेगाने पुढे जातो. एकाच धाग्यातून माहिती येते 1490 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर आणि जाते 1310 च्या. हे दोन्ही प्रकाश डोळ्यांना न दिसणारे. वाटेत स्प्लिटर नावाची छोटी डबी एका धाग्यातला प्रकाश अनेक गावांत वाटून देते, आणि तिला वीज लागत नाही. मात्र पंचायतीतल्या पेटीला लागते. म्हणून लाल दिवा म्हणजे वाटेत कुठेतरी केबल कटली, आणि एकही दिवा नाही म्हणजे गावची लाइन गेली. गावात हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं.

ही काच गावोगावी न्यायची सरकारी योजना 2011 मध्ये मंजूर झाली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या आणि प्रत्येकीला 100 एमबीपीएसचा वेग द्यायचा, असं ठरलं. 2016 च्या अखेरीस नागपूर देशातला पहिला डिजिटल जिल्हा म्हणून जाहीर झालं. तेव्हा आम्हा नागपूरकरांना अभिमान वाटला होता, आणि तो खोटा नव्हता.

अडचण जोडणीच्या आखणीत होती. पहिल्या टप्प्यात केबल बऱ्याच ठिकाणी तालुक्याहून निघून एका सरळ रेषेत गावांपर्यंत गेली. रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीचा दात एका जागी लागला की पुढची सगळी गावं अंधारात. ही केबल साधारण 1.65 मीटर खोल पुरायची असते, पण रस्त्याच्या कामात एवढी खोली कितीशी पुरणार? तुटलेली टोकं विजेच्या ठिणगीने वितळवून जोडावी लागतात. काचेला काच नेमकी भिडवायची म्हणून धूळ चालत नाही, पाणी चालत नाही. आपल्या काळ्या मातीत जुलैमध्ये खड्डा खणून हे काम करणाऱ्या माणसाला मी मनापासून मानतो.

म्हणूनच 2023 मध्ये मंजूर झालेली सुधारित योजना मला जास्त महत्त्वाची वाटते. तिच्यासाठी 1.39 लाख कोटी रुपये ठेवले आहेत. त्यात गावं रिंगमध्ये, म्हणजे गोलाकार जोडायची आहेत. एका बाजूने केबल तुटली तर प्रकाश दुसऱ्या बाजूने फिरून येतो. शिवाय केबल टाकणं आणि पुढे ती सांभाळणं हे एकाच कंत्राटात आहे. केबल किती किलोमीटर टाकली हा आकडा वर्षानुवर्षं मिरवला गेला. ती महिन्यातले किती तास चालू होती, हा आकडा पंचायतीच्या फळ्यावर लिहायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

पण पेटीपासून घरापर्यंतचं अंतर वेगळंच असतं. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया देशभरात 33 टक्के होत्या आणि पुरुष 57 टक्के. ग्रामीण स्त्रियांमध्ये तर हे प्रमाण चौघींत एक एवढंच होतं. सातबारा, पीक पाहणी, शेतकरी ओळखपत्र, बहिणींच्या खात्यातले पैसे, सगळं आता मोबाइलशी बांधलेलं. घरात मोबाइल असतो, पण तिच्या हातात नसतो.

त्याच दिवशी दुपारी पेटीवर हिरवा दिवा लागला. काकांचा सातबारा निघाला. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या ताईंचं काम मात्र अडलं. ओटीपी मुलाच्या नंबरवर गेला होता. मुलगा बुटीबोरीला ड्युटीवर, आणि कंपनीत मोबाइल गेटवरच जमा करून घेतात.

"संध्याकाळी सुट्टी झाली का लावतो म्हणे तो फोन," त्या म्हणाल्या आणि परत बाकावर जाऊन बसल्या.